माले कोट नको

माझ्या वडिलांची लेन्स आता माझ्या मुलीच्या डिजिटल कॅमेऱ्यावर बसते. कॅमेरा नवा, लेन्स माझ्याहूनही म्हातारी. दोघांच्या मध्ये एक पातळ कडी लागते, ती तिने घरबसल्या मागवली. अशीच कडी मिळवायला मला एकदा भुसावळ गाठावं लागलं होतं, आणि तरी ती धड जमली नव्हती. नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. त्यांचा धुळ्यात फोटो स्टुडिओ होता. लग्नं होती, पासपोर्ट फोटो होते, पण बरंचसं काम मेलेल्या माणसांचं. खेड्यावरून कुणीतरी येई, लग्नातला घोळक्याचा फोटो पुढे करी आणि त्यातल्या एका चेहऱ्यावर बोट ठेवी. दहाव्याला भिंतीवर लावायला फोटो हवा असे. आबा तो चेहरा मोठा करत. चेहरा मिळे, खांदे मिळत नसत. तिथे शेजारच्याचा हात नाहीतर कुणाचा तरी पदर आलेला असे. मग ब्रशने काळा कोट आणि टाय रंगवायचा. कपाशीत आयुष्य गेलेली माणसं भिंतीवर कोट घालून बसत.

"जित्ता व्हतात तव्हय एक जणनी कोट घाला नही," आबा ब्रश पुसत म्हणत. "मरनात का बठ्ठा साहेब!" मेले की सगळेच साहेब.

त्यांचा आजार कळला तेव्हा मी लग्न होऊन जळगावला, मेहरूणमध्ये राहत होते आणि घरीच पासपोर्ट फोटो काढत होते. धुळ्याचा स्टुडिओ धाकटा भाऊ बघायचा. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. आबांनी ऐकून घेतलं आणि मला बोलावणं पाठवलं.

"माझा फोटो काढ," ते म्हणाले. "मला घोळक्यातून कापू नका. माले कोट नको."

अडचण खरीच होती. सगळ्यांचे फोटो आबांनी काढलेले, म्हणून ते स्वतः कुठल्याच फोटोत नव्हते. भावाच्या लग्नातल्या एका फोटोत तेवढे होते, तेही कडेला, मामांच्या फेट्यामागे खांद्यांपर्यंत झाकलेले.

फोटो त्यांना त्यांच्याच लेन्समधून हवा होता. त्यांच्या जुन्या कॅमेऱ्याचा आतला पडदा कुजला होता, लेन्स मात्र स्वच्छ होती. ती आट्यांवर फिरवून बसवायची. माझ्या नव्या कॅमेऱ्याला आटे नव्हते, त्याची लेन्स खाचेत अडकवायची.

"माझ्या लेन्सने काढला तर काय बिघडेल?" मी विचारलं.

"गावातली बठ्ठी तोंडं हिने पाहिली. मी हिचं काय घोडं मारलं?"

भुसावळला रेल्वेतून निवृत्त झालेले एक टर्नर होते. घरामागच्या शेडमध्ये त्यांनी धातू कातायची लेथ बसवली होती. त्यांनी पितळेची कडी करून दिली. मी लेन्स लावून रस्त्यापलीकडच्या झाडाकडे बघितलं. झाड धुकट. लेन्स शेवटपर्यंत फिरवली, तरी धुकटच. जवळची लेथ मात्र लख्ख दिसत होती.

"कडी जाड झाली, काका. लेन्स पुढे राहते. लांबचं दिसत नाही."

"अजून पातळ केली तर आटे उरणार नाहीत, बाई. लेन्स हातात येईल तुमच्या. काढायचंय काय, सातपुडा?"

"वडिलांचा चेहरा."

"मग जवळ जा की."

आबांना गच्चीवर, दोरीवर टाकलेल्या चादरीच्या सावलीत बसवलं. मी नेहमीच्या अंतरावर उभी राहिले. धुकट. पुढे सरकले, तरी धुकट. स्टूल ओढून त्यांच्या गुडघ्यांना गुडघे लावून बसले, तेव्हा कुठे डोळे स्पष्ट झाले. लहानपणानंतर मी त्यांच्या इतकी जवळ कधी गेले नव्हते. वर आलेली गालांची हाडं, दाढीचे पांढरे खुंट, डोळ्यांखालची काळवंडलेली कातडी, सगळं त्या लेन्समधून दिसत होतं. मी बघण्याचं काम करत राहिले.

"खाली कुठपर्यंत येतं?" त्यांनी विचारलं.

"गळ्यापर्यंत. खांदे येत नाहीत."

"म्हणजे कोटाला जागाच नाही," आबा म्हणाले आणि हसले. हसू ओसरता ओसरता मी बटण दाबलं.

फोटो मीच धुतला. ओला कागद त्यांनी दोन्ही हातांत धरून उजेडाकडे केला. "डोळे बरोबर आले," ते म्हणाले. "कानाजवळ जरा काळं झालंय. चालेल." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ होतं.

पोळा झाला आणि ते गेले. दहाव्याच्या आदल्या दिवशी मी तो फोटो फ्रेम करून आणला. आईने हातात घेतला, बघितला आणि पलंगावर पालथा ठेवला.

"इतके दिवस मी यांना असंच बघितलं," ती म्हणाली. "आता भिंतीवरही असेच? घास उतरायचा नाही मला."

भाऊ मला बाहेर घेऊन गेला. "ताई, आबांचं ऐकायचं की आईचं?"

"आईचं. तिला इथे राहायचंय."

त्याने फेट्यामागचा चेहरा मोठा केला आणि आबांच्याच ब्रशने कोट रंगवला. हात आबांकडूनच शिकलेला. टायची गाठसुद्धा छान आली. लोकांनी हार घातला. आईने पुढची सगळी वर्षं त्या फोटोला रोज कुंकू लावलं आणि त्याच्यासमोर बसून जेवली. ती गेल्यावरही तो कुणी उतरवला नाही.

मागच्या दिवाळीत धुळ्याला गेलो, तेव्हा मुलीने आबांची लेन्स लावून घरभर फोटो काढले. तिच्या कडीने लांबचंही स्वच्छ येतं. मागच्या दारात उभं राहून तिने समोरची भिंत टिपली आणि स्क्रीनवर बोटांनी मोठी केली.

"आजोबा कोटात काय रुबाबदार दिसतात गं. रोज घालायचे?"

जळगावला परतल्यावर मी कपाटाच्या तळाशी ठेवलेली ती दुसरी फ्रेम काढली, पुसली आणि तिच्या हातात दिली. तिने ती खिडकीपाशी नेऊन नीट बघितली.

"हे कोण?" तिने विचारलं.