धनश्रीचं डेबियन

माझी भाची धनश्री लई हट्टी, हे आधीच सांगून ठेवतो. पाथर्डीत माझं मोबाईल रिपेरिंगचं दुकान हाय. गिऱ्हाइकानं टाकून दिलेला एक जुना लॅपटॉप मीच तिला दिला. म्हटलं, घे, शिक काय शिकायचं ते. तर बाई म्हणते कशी, "कल्याणमामा, मला सर्व्हर शिकायचाय!" सर्व्हर म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरांना अखंड सेवा देणारा कॉम्प्युटर. हे तिनंच मला समजावलं.

घाई होती. तिचे आई-बाप दरवर्षी दसऱ्यानंतर मुकादमाच्या टोळीबरोबर ऊसतोडीला जातात. नगरच्या एका कंपनीत सर्व्हर सांभाळायला शिकाऊ पोरं घेणार होते, अन् मुलाखत दसऱ्याच्या आधी. जमलं तर नोकरी, न्हाईतर यंदा धनाच्याही हातात कोयता.

लॅपटॉपवर लिनक्स टाकायचं ठरलं, म्हणजे विंडोजसारखीच, पण फुकटातली सिस्टीम. पण लिनक्स काय एकच हाय व्हय? ढीगभर प्रकार! मी तर येडाच झालो. आज उबंटू, उद्या मिंट, परवा फेडोरा. पेनड्राइव्ह भरायचा अन् धावत तिच्या घरी. "हे बघ, काय झकास दिसतंय!" पोरगीही भुलली. तो म्हातारा लॅपटॉप धापा टाकायला लागला, की पुसा अन् दुसरं टाका. दिवस गेले, शिकणं शून्य.

तिची आई, म्हणजे माझी भागूअक्का, भाकरी थापता थापता हे सगळं बघत हुती. एक दिवस तिचं डोकं फिरलं.

"कारखान्यावर गेलं की आमी ऱ्हायला एकदाच पाचटाची कोपी घालतो आन् उसाच्या फडात उतरतो. तुमी मामा-भाची रोज नवी कोपी घालताय. ऊस कवा तोडनार?"

मी पेनड्राइव्ह खिशात टाकला. धना मात्र खुदकन हसली, अन् त्याच दिवशी तिनं डेबियन नावाचं लिनक्स धरलं.

"मामा, कितीतरी सर्व्हरवर हे न्हाईतर याचे भाऊबंद चालतात. आन् हे सारखं बदलत न्हाई."

टाकलं तर काय? चित्रं न्हाईत, रंग न्हाईत, नुसता काळा पडदा अन् पांढरी अक्षरं. मी भडकलो. "अगं, एवढा खटाटोप करून हे?"

"सर्व्हरला नटवून कुठं मिरवायचंय? मेमरी थोडी हाय, ती कामाला लावू."

मग बसली की हो मांडी ठोकून! वेबसाइट चढवली, मुद्दाम बिघडवली, परत उभी केली. मोबाईलवरून त्या लॅपटॉपला हुकूम सोडायलाही शिकली. मला तर बघूनच चेव यायचा.

मुलाखतीला मी सोबत गेलो. एसटीत फळीवरून कुणाची तरी पत्र्याची पेटी घसरली, ती थेट लॅपटॉपच्या पिशवीवर! कंपनीत तिनं साहेबांपुढे तो उघडला, तर स्क्रीन मेलेली. मी उघड्या दारातून बघत हुतो. म्हटलं, गेलं सगळं मुसळ केरात.

"राहू द्या, पुढच्या वर्षी बघू," साहेब म्हणाले.

"सर, स्क्रीन गेलीय. सर्व्हर चालू हाय."

तिनं मोबाईल काढला, हॉटस्पॉट लावला, लॅपटॉप सवयीनं त्याला जोडला गेला अन् मोबाईलवर भराभर अक्षरं पळायला लागली. तिची वेबसाइट मोबाईलवर उघडली! साहेब खुर्ची ओढून जवळ आले. त्यांनी मोबाईल घेऊन ती बंद पाडली, धनानं परत उठवली.

"डेबियनच का?"

"खरं सांगू सर? लई प्रकार बदलून बघितले, शिकले काहीच न्हाई. मग एक धरला."

साहेब हसले. "सोमवारपासून कामाला या."

"आरं वा रं माझी वाघीण!" मी तिथंच ओरडलो. शिपायानं डोळे वटारले. वटारू दे!

बाहेर येऊन अक्काला फोन लावला, सगळं सांगितलं.

"अक्का, ऐकतीस ना?"

"ऐकते रं. ठेव फोन आता. मुकादमाला कळवू दे, यंदा माझी लेक कोयता धरनार न्हाई म्हनावं."

मला भर रस्त्यात रडू आलं.