अप्पांची पाठमोरी खुर्ची

अप्पा गेल्याचं मला मी शिकवते त्या तलासरीच्या शाळेत, मधल्या सुट्टीत कळलं. आमच्या नाटकाच्या ग्रुपवर त्यांचा हसरा फोटो आला आणि खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. खरं सांगते, आधी रडू आलं नाही, राग आला. या माणसाने माझ्या आईला शब्द दिला होता आणि तो मोडला होता. आता जाब द्यायला तो जागेवर नव्हता...

त्यांच्या विनोदी नाटकांवर गेल्या काही आठवड्यांत पुष्कळ छापून आलं. ‘निखळ विनोद’ तर जो तो म्हणाला. डहाणूतले अप्पा निखळबिखळ काही नव्हते, चांगले बेरकी होते. आमच्या तालमी नरपडला एका वाडीतल्या चिकू भरायच्या शेडमध्ये चालायच्या. खोकी एकावर एक रचली की साहेबाची जीप तयार. अप्पा संहिता हातात देत नसत. प्रसंग सांगायचे, आम्हाला भांडू द्यायचे आणि त्यातलं नेमकं उचलायचे. भातकापणी झाली की पहिला प्रयोग तलासरीकडच्या एखाद्या पाड्यावर, उघड्यावर. तेव्हा अप्पा आपली पत्र्याची घडीची खुर्ची सगळ्यात पुढे टाकत आणि आमच्याकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून बसत. लोक कुठे हसतात, कोणावर हसतात, हे त्यांना बघायचं असे. गरिबाच्या फजितीवर हसू आलं की दुसऱ्या दिवशी तो प्रसंग बदललाच म्हणून समजा. “चूक लोकांची नाही, माझी,” म्हणायचे. विनोद असा तपासून घेणारा लेखक मी दुसरा पाहिला नाही. म्हणून तर पुढचं जास्त लागलं.

दोन हजार चौदाच्या सुमाराला मी त्यांना आईची एक गोष्ट सांगितली होती. कुणी साहेब नकाशा घेऊन आमच्या पाड्यावर आला आणि पाड्यात उभा राहूनच पाडा कुठे आहे म्हणून विचारू लागला. आई म्हणाली, हाच. साहेब म्हणाला, नकाशात तर इथे काहीच नाही. अप्पा ते ऐकायला मुद्दाम आमच्या घरी आले. तांदळाची भाकरी खाल्ली आणि आईकडून सगळं पुन्हा वदवून घेतलं. आई तेव्हा साहेबाला म्हणाली होती, “पाडा नकाशात नाय, तं तुम्ही उभं कठं हात?” अप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. “आई, हे नाटकात घेऊ का?” आईने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाली, “घ्या. पण माना वेडी नका करू.” अप्पांनी छातीवर हात ठेवला. “नाही करणार तुम्हाला वेडी. शब्द देतो.”

ते नाटक आम्ही तीन-चार हंगाम केलं. आमच्यातला रमण साहेबाचं काम करायचा, मी आईचं. त्या वाक्याला पाडाच्या पाडा उसळायचा आणि सगळ्यात मोठ्याने आई हसायची.

मग ते नाटक मुंबईला गेलं. मोठं थिएटर, तिथलेच नट. त्याचं मला वाईट वाटलं नाही, उलट हौसेने आईला नवं लुगडं नेसवून घेऊन गेले. पडदा उघडला. नाटकातल्या बाईला आपल्या पाड्याचं नावच सांगता येईना. ती डोकं खाजवत होती, नकाशा उलटा धरत होती. आणि आईचं वाक्य साहेबाने घेतलं होतं. “बाई, तुला पाड्याचं नाव माहीत नाही, तर तू उभी कुठे आहेस?” सगळं थिएटर लोटपोट! मी अप्पांना शोधलं. ते पहिल्या रांगेत बसले होते. रंगमंचाकडे तोंड करून, पाहुण्यासारखे. हसत होते. बाहेर आल्यावर आईने विचारलं, “ते माझ्यावर हसलं का गं?”

डहाणूला जाऊन मी अप्पांना खडसावलं. ते चष्मा पुसत म्हणाले, “अगं, तिकडच्या लोकांना साहेबावर हसायची सवय नाही. थोडं बदलावं लागतं.” थोडं! ज्या माणसाने आम्हाला हसणं कोणाच्या बाजूचं असावं हे शिकवलं, तो हे बोलत होता. त्यानंतर मी त्यांच्या घरी गेले नाही. त्यांनीही बोलावलं नाही.

आता श्रद्धांजली म्हणून तोच प्रयोग करायचं ठरलं. रमण मुंबईची छापील प्रत घेऊन आला. मी म्हटलं, मी उभी राहिले तर जुनंच करीन, नाहीतर दुसरी बघा. त्याने प्रत पिशवीत ठेवून दिली. प्रयोग आमच्याच पाड्यावर झाला. पोरांनी अप्पांची खुर्ची पुढे मांडली, त्यावर त्यांचा फोटो, हार. फोटोचं तोंड रंगमंचाकडे. आम्ही सुरुवात करणार, एवढ्यात आई उठली. फोटोसकट खुर्ची तिने सावकाश लोकांकडे फिरवली.

“आता बघा म्हणावं,” ती म्हणाली, “कठं हसतंत ते.”

मी वाक्य म्हटलं, आणि पाडा पूर्वीसारखाच हसला. अप्पांच्या नाटकात काय होतं, हे त्या हसण्यात होतं. त्यांनी काय घालवलं, तेही. खुर्ची आता नरपडच्या शेडमध्ये आहे, आमच्याकडे पाठ करूनच. तालमीला कुणी नवीन आलं की ती सरळ करायला जातं. माझा राग अजून गेलेला नाही. पण त्या खुर्चीला मी कुणाला हात लावू देत नाही.