ॲसिड प्लांटचा कोरडा शॉवर

सकाळी साडेसहा. जानेवारी. साखर कारखान्याचा ॲसिटिक ॲसिडचा प्लांट. कारखान्याचं नाव सांगत नाही. वकिलांच्या नोटिसा माझ्याकडे पुरेशा आहेत. संपादक बातमीतून जे कापतात ते कुठे जातं? तीस वर्षं माझ्याकडेच साठतंय!

त्या सकाळी पिंपातलं ॲसिड गोठून काचेसारखं झालं होतं. शुद्ध ॲसिड सोळा-सतरा अंशांनाच थिजतं. नगरची थंडी त्याच्याही खाली जाते. नव्या सुपरवायझरने हुकूम सोडला, पिंपाखाली चिपाडं पेटवा. पिंपं भरणारे नाना थेट पिंपावर जाऊन बसले.

"सायेब, ह्ये पेटतं बी. लावा काडी, मी हितंच बसतो."

काडी खिशात गेली. पिंपं कोमट पाण्यात उभी राहिली.

*

नाना एकदा राहात्याला मुलीकडे निघाले. एसटीत शेजारच्या बाईंनी वास घेऊन विचारलं, चायनीजची गाडी लावता का? नानांनी सांगितलं की त्यांच्या पातळाचा रंग पक्का करायलाही आमचंच ॲसिड लागतं.

"गाडीवरचं व्हिनेगर म्हंजी मांजर, आमच्याकडं वाघ. नात्यातलेच, पर ह्यो कातडी सोलतो."

कंडक्टरने नानांना शेवटच्या सीटवर पाठवलं.

*

या वाघावर पहिला इलाज एकच. अंगावर उडालं की शॉवरची साखळी ओढायची आणि भरपूर पाण्याखाली उभं राहायचं. नाना पाळीवर येताच रोज साखळी ओढत. रोज नुसती हवा! दोन हंगाम अर्ज केले, उत्तर नाही. तपासणीच्या दिवशी मात्र छपरावर दोन माणसं बादल्या घेऊन बसत. एका साहेबांनी कौतुकाने साखळी जरा जास्तच वेळ धरली. वरून बादलीच आली.

साहेबांनी शेरा लिहिला, "दाब उत्तम."

*

मग पंपाचं गॅस्केट फुटलं. ॲसिड नानांच्या खांद्यावर, छातीवर. साखळी ओढली, हवा. नाना सदरा फाडत पळाले आणि ऊसगाड्यांच्या बैलांसाठी बांधलेल्या हौदात शिरले. गाडीवानाने पाणी पिणारी जोडी मागे ओढली. नाना वीस मिनिटं गळ्यापर्यंत पाण्यात. कातडी लाल झाली, तेवढ्यावर निभावलं. डॉक्टर म्हणाले, हौदाने वाचवलं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरची नोटीस. बैलांच्या हौदाचा विनापरवाना वापर केला, खुलासा द्या. नानांनी खाली एक ओळ लिहून परत दिली.

"बैलांची हरकत नाही."

मी सेफ्टीचं रजिस्टर पाहायला मागितलं. अपघाताच्या दिवशीची नोंद आहे. शॉवर चालू, पाणी भरपूर. खाली सहीही आहे.

ती सही कुणाची, हे कारखान्यात अजून कुणीही सांगितलेलं नाही.