गोजरबाईनं पाहिलेलं पाणी

वडनेर भोलजीच्या गोजरबाईचा एकुलता एक मुलगा दयाराम मुकादमासोबत दूर मुलखात पुलाच्या कामावर गेला. नदी समुद्राला मिळते तिथं तो पूल उभा राहत होता. दोन उंच मनोऱ्यांवरून ताणलेल्या लोखंडी दोरांनी सगळा रस्ता तोलून धरायचा होता. दोर ओढताना एके दिवशी दयाराम वरून पाण्यात पडला. मुकादम सांगायला आला तो त्याचं गाठोडं तेवढं घेऊन. प्रेत सापडलं नव्हतं.

गोजरबाई रडली नाही. "आपल्या पूर्णेत बुडालेलं माणूस दोन वळणं खाली सापडतेच," ती म्हणाली. "माहा पोरगा सापडला नाई, म्हंजे तो जिता हाय. येईन."

तिनं तेरावं केलं नाही, सून सिंधूच्या बांगड्या फोडू दिल्या नाहीत. सिंधू ऐन विशीतली, पोटी लेकरू नाही. बाप न्यायला आला की गोजरबाई दारातच अडवायची. "सवाशीण हाय ते. नवरा आल्यावर त्याले काय सांगू?" सिंधू मुकाट्यानं चुलीपाशी जाऊन बसायची. अशी कितीतरी वर्षं गेली.

पूल पुरा झाल्याचं कानावर आलं, तशी गोजरबाई भावाच्या, इंद्रभानच्या मागं लागली. तिथं दयारामला पाहिलेलं कोणी भेटेल, ही आस. नांदुऱ्याहून रेल्वेनं दोघं गेली.

पुलाच्या मध्यावर ती कठडा धरून उभी राहिली. पलीकडचा काठ धुरकट दिसावा एवढं पाणी, आणि तेही समुद्राकडून वर चढत होतं.

"इंद्रभान, हे पाणी उलटं काऊन जाऊन राह्यलं?"

"भरती हाय, बाई. मंग माघारी जाईन. रोजच चालते असं."

ती पाहत राहिली. मग पहिल्यांदा मुलाच्या नावानं रडली. "अशा पाण्यात कोण सापडन रे! अन् मी त्या पोरीले बांधून ठेवलं."

घरी येताच तिनं सिंधूला जवळ बसवून तिच्या बांगड्या हळूच उतरवल्या. "तो नाई येत, माय. तुही जवानी मी खाल्ली."

"मले त पहिल्याच दिवशी समजलं होतं, आत्याबाई," सिंधू म्हणाली. "पण तुमाले एकटं कसं सोडू?"



पुढल्या उन्हाळ्यात बापानं देऊळगाव राजाच्या एका बिजवराशी सिंधूचा पाट लावून दिला. गोजरबाईनं तिला लुगडं-चोळी करून एस.टी.त बसवलं. घरी येऊन ती ओट्यावर टेकली. शेजारची सोजराबाई जेवायला हाका मारत होती. गोजरबाई एस.टी. गेलेल्या वाटेकडं पाहत बसली.