न्यूटचा उपास

वडनेर भोलजीत न्यूट पाळणारा मी पहिला माणूस आहे, आणि बहुधा शेवटचाही.

अकोल्याला शोभेच्या माशांच्या दुकानात तो काचेतून माझ्याकडे पाहत होता. बोटभर लांबी, काळं अंग, नारिंगी पोट, चार पाय, लांब शेपटी आणि चेहऱ्यावर केवढं समाधान! मी तिथल्या तिथे विरघळलो. (माझी बायको सुनंदा अजून ऐकवते, "मला पाहायला आलात तेव्हा मात्र 'कळवतो' म्हणाला होतात!") काचेची पेटी मांडीवर घेऊन एसटीनं घरी आलो.

"पाल काऊन आनली बे?" आईनं दारातच अडवलं.

"पाल नाइ वं, न्यूट हाये! बेडकाच्या जातीतला, पान्यात राह्यते."

"म्हंजे ओली पाल."

खरा घोटाळा जेवणाचा. त्याला जिवंत गांडुळं द्या, तीही तुकडे करून, असं दुकानदारानं बजावलं होतं. आणि आमची आई पक्की माळकरी! आमच्या घराचा उंबरा आजवर अंड्यानंही ओलांडलेला नाही. माझी सांगायची हिंमतच होईना. त्यामुळे आईनं आपल्या परीनं पाहुणचार सुरू केला. पहिल्या दिवशी भाकरीचा कुस्करा, दुसऱ्या दिवशी वरणभात, तिसऱ्या दिवशी एकादशी म्हणून चक्क भगर! पाणी बदलता बदलता माझी कंबर मोडली, पण न्यूट काही तोंड उघडेना. सहाव्या दिवशी तो तळाशी निपचित पडला. तेव्हा मात्र मी खरंच घाबरलो. एवढ्या हौसेनं आणलेला जीव माझ्या भित्रेपणापायी मरणार होता!

शेजारचे रशीदभाई शेतात गांडूळखत करतात. त्यांच्याकडे धावलो.

"लागते तेवढे ने," डबा भरून देत ते म्हणाले, "पन काकूले सांगितलं का?"

"सांगतो न."

"म्हंजे नाइ सांगितलं!"

आई देवळात गेलेली. मी न्यूटची पेटी घेऊन मागच्या अंगणात बसलो. सुरी सापडेना, म्हणून (नका हसू!) आईची विळी घेतली. एक गांडूळ चिमटीत धरलं, डोळे घट्ट मिटले, देवाची माफी मागितली आणि...

"माह्या विळीवर काय चिरून राह्यला बे?"

आई! मी ताडकन उठलो, डबा उलटला आणि अंगणभर गांडुळं! आवाज ऐकून बाहेर आलेली सुनंदा किंचाळत बाजेवर चढली. तिला धीर द्यायला म्हणून मीही चढलो.

"आई, तो मरून राह्यला वं!" मी वरूनच ओरडलो. "त्याले हेच लागते. तुह्या माळेमुळं बोललो नाइ!"

"माळ माह्या गळ्यात हाये, त्याच्या नाइ! सहा दिवस मुक्या जिवाले उपाशी ठेवलं अन् माह्या हातानं भगर चारवली?"

एवढं बोलून तिनं पदर खोचला. जन्मभर शेतात राबलेली बाई ती. भराभर गांडुळं ताटात गोळा केली आणि तांदूळ निवडावेत तशी निवडायला बसली. "हे मोठ्ठं, जाऊ दे तुळशीत. हे बारकं त्याले. तुकडे कायले करा लागते?"

बारकं गांडूळ पाण्यात वळवळलं. न्यूटनं मान वळवली. आम्ही बाजेवरूनच वाकून पाहत होतो. आणि गपकन गिळलं की हो त्यानं! मी आनंदानं एवढ्या जोरात उडी मारली की बाजेचा पाय मोडला आणि आम्ही नवरा-बायको थेट ताटाशेजारी!

विळी चिंच लावून तीनदा घासली गेली. आता एक दिवसाआड आई न्यूटला भरवते, मग आंघोळ करून पोथीला बसते. तिची चाहूल लागली की तो काचेशी येतो. मी गेलो की दगडाखाली!

परवा रशीदभाईंनी तिला विचारलं, "काकू, न्यूट सांभाळनं लय कठीन असन नाइ?"

"कायचं कठीन? तो शाना हाये," आई माझ्याकडे पाहत म्हणाली, "त्याच्या मालकालेच सांभाळा लागते."