मशीनचं कपाळ

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता लवू घाडी मुलुंडच्या त्या अंध मुलींच्या शाळेत पोचला. संगणकाच्या पेटीवरचा झेंडूचा हार अजून ताजा होता, पेटी मात्र मुकी झाली होती.

"सकाळपासून असंच चाललंय," अनुपमाबाई म्हणाल्या. "पंखा फिरतो आणि बंद पडतो. पुढे काहीच नाही."

अनुपमाबाई इतिहास शिकवीत. त्यांना स्वतःलाही जन्मापासून दिसत नव्हतं. उद्या सकाळी आठला दहावीच्या अकरा मुलींची सहामाही होती. प्रश्नपत्रिका बाईंनी परवाच टाइप करून या संगणकात ठेवली होती. आता ती शेजारच्या ब्रेल यंत्रातून, जाड कागदावर ठिपके उठवून, छापून काढायची होती. यंत्र सतरा वर्षांचं, संगणकही तेवढाच. दोघांना जोडणारी रुंद केबल आताच्या कुठल्या संगणकाला लागत नाही. अकरा प्रतींना तीन तास लागतात आणि सहाला शाळेला कुलूप पडतं.

"नाहीच निघाली तर?" लवूने विचारलं.

"तर कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवणार. मुली एकदा ऐकतील, दोनदा ऐकतील. तिसऱ्यांदा 'पुन्हा वाचा' म्हणायला जीभ उचलत नाही, लवूदादा. मी त्यापायीच एकदा नापास झालेय."

लवू देवगडकडच्या एका वाडीतला. वडलांची गिरणी बंद पडली तेव्हा सतरा वर्षांचा होता. भांडुपला मामाच्या खोलीत राहून त्याने आधी रेडिओ उघडले, मग टीव्ही, मग भंगारात आलेले संगणक. कुणी शिकवलं नाही. उघडायचं, बघायचं, कुठली वायर कुठून निघाली ते डोक्यात ठेवायचं आणि तसंच परत लावायचं. विहिरीत पोहरा सोडल्यावर पाण्याचा आवाज यायची वाट बघतात, तसा तो यंत्राच्या आवाजाची वाट बघत बसे. घाई केली की यंत्र रुसतं, असं त्याचं ठाम मत होतं. आज मात्र घाई त्याच्या मानेवर बसली होती.

त्याने पेटी टेबलावर आडवी केली. तोंड बाईंच्या बाजूला, उघडी कूस आपल्याकडे. शाळेतल्या द्रौपदीमावशी भिंतीवरच्या स्विचपाशी उभ्या राहिल्या.

"चालू करा, मावशी."

पंखा फिरला. एक, दोन, तीन, चार. थांबला.

लवूने भिंतीपासून पेटीपर्यंतची वायर बदलली. चार अंकांवर पंखा थांबला. पिशवीतून आणलेला दुसरा पॉवर सप्लाय जोडला. पुन्हा चार. मेमरीच्या पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी दात खोडरबराने घासले, फुंकर मारली, दाबून बसवल्या. पुन्हा चारच. त्याच्या कपाळावरचा घाम आतल्या हिरव्या पाटीवर पडायला आला, तो त्याने बाहीने टिपला.

"किती वाजले?" बाईंनी विचारलं.

"सव्वादोन," मावशी म्हणाल्या. त्यांनी दहा मिनिटं कमी सांगितली होती. लवूला ते कळलं.

आता मदरबोर्ड गेला असंच म्हणावं लागणार होतं. तसा मदरबोर्ड आज मुंबईत कुणाकडे मिळणार? शब्द त्याच्या ओठांवर आले होते. चष्मा काढून त्याने पुसला, परत घातला.

"बाई, आता शेवटचं बघूया. या खेपेला मावशींनी स्विच लावला की जरा थांबा आणि मगच पेटीचं बटण दाबा."

"मी कुठे बटण दाबतेय?" बाई म्हणाल्या. "तुम्हीच दाबताय ना?"

लवूचा हात हवेतच राहिला.

"मी नाय दाबलंय."

"मग कोण दाबतंय?"

लवू उठला, टेबलाला वळसा घालून पेटीच्या तोंडाशी आला आणि वाकला. गोल बटण आत रुतलेलं होतं. त्याच्यावर आणि भोवतीच्या फटीत हळदीकुंकवाचा थर वाळून कडक झाला होता. काल संध्याकाळपासून ते बटण दाबलेलंच होतं, म्हणून भिंतीवरचा स्विच लावताच पंखा फिरत होता. आणि बटण कुणी धरून ठेवलं तर हे यंत्र चार अंकांत स्वतःच मिटतं, हे लवूला गेली वीस वर्षं ठाऊक होतं.

"ह्यां कुंकू कोणी लावलां?" त्याची गावची बोली आपसूक बाहेर आली.

"मी. पाटीपूजनाला दरवर्षी मीच लावते." बाईंचा आवाज बारीक झाला. "पेटी चाचपली की तेवढंच एक गोल हाताला लागतं. मला वाटलं, तेच कपाळ."

"तरी मी म्हणत होते," मावशी पुटपुटल्या, "कालवलंय जरा पातळच. वर दोन बोटं भरून. जसं काही बोहल्यावर चढवायचंय."

"मावशी, आता गप्प बसा," बाई म्हणाल्या.

लवूने बटण उकरलं नाही. सतरा वर्षांचं प्लास्टिक; तुटलं तर तुकडे आत जायचे. त्याने आतून बटणाची बारीक वायरच उपटून बाजूला केली. आता बटण दाबण्याऐवजी उघड्या पडलेल्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवायचं होतं. शेजारच्या पिनेला लागलं तर सगळंच जायचं. त्याने श्वास धरला आणि टेकवलं.

पंखा फिरला. एक, दोन, तीन, चार.

पाच.

बाईंची बोटं टेबलाच्या कडेवर आवळली गेली. थोड्या वेळाने संगणकातून, पडद्यावरचं वाचून दाखवणारा सपाट, बिनमायेचा आवाज बोलू लागला. एकेक शब्द वाचत तो बाईंना फाइलपर्यंत घेऊन गेला.

तीनला आठ मिनिटं कमी असताना ब्रेल यंत्र खडखडलं. पहिला कागद बाहेर येताच बाईंनी तो डाव्या तळहातावर घेतला आणि बोटं फिरवली. चेहरा तसाच घट्ट. दुसरी ओळ, तिसरी. चौथ्या ओळीवर बोट थांबलं, मागे गेलं, पुन्हा पुढे आलं.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "काढत राहा."

लवू निघाला नाही. मध्येच बंद पडलं तर चालू करायला त्याचा हात आणि स्क्रूड्रायव्हर एवढंच उरलं होतं. तो स्टुलावर बसून कान देऊन खडखड ऐकत राहिला. अकरावी प्रत निघाली तेव्हा सहाला पाच मिनिटं होती. बाईंनी गठ्ठा मोजून कपाटात ठेवला.

"आता बटण नीट कधी करता?"

"उद्या पेपर झाल्यावर. तंवर पेटीला कोणी हात लावायचा नाय," लवू हत्यारं भरत म्हणाला. "पाया पडायचां झालां तर ते पण लांबसून."