पायलीभर ज्वारी

पोरगी तीन महिन्यांची होती तेव्हा मी तिला शेजारच्या भाभीला विकली. भाभीचं अकोल्याकडच्या मालेगावात बांगड्यांचं दुकान, आमच्या भिंतीला भिंत. पोरीच्या पोटात गाठ निघाली होती. अकोल्याच्या डॉक्टरांनी तुकडा तपासून कॅन्सर म्हटलं, आणि वर म्हणाले, "एवढ्या लहान बाळात ही गाठ कधी कधी आपोआप जाते. सध्या औषध नको, फक्त नजर ठेवू."

सासू भडकली. "औषध नाई त जाईन कायले ते?" मग तिनंच जुना उपाय काढला. लेकरू हाती लागत नसलं की दुसऱ्याला विकायचं, म्हणजे मरण आपलं घर चुकते.

भाभीनं माझ्या पदरात पायलीभर ज्वारी टाकली, पोरगी उचलली आणि दूध पाजायला लगेच माझ्याकडं दिली. "अमानत हाय माही, सांभाळा," म्हणाली. अट एकच, मी तिला माझी म्हणायचं नाही. खरं सांगते, मला ते सोपं गेलं. पोरगी बोलायला लागली तेव्हा भाभी अम्मी झाली आणि मी काकू.

दर महिन्याला एसटीनं सोनोग्राफीला जायचो. गाठ लिंबाएवढी होती, मग बोराएवढी झाली. पोरगी दीड वर्षाची असताना डॉक्टर म्हणाले, "गेली." नवरा तिथंच ढसाढसा रडला. मला त्याचा रागच आला. मी विचारलं, मालेगावची गाडी किती वाजता आहे? मेलं काहीच वाटलं नाही मला.

ज्वारी परत केली की पोरगी परत, असा रिवाज. भाभी विचारायची, "काहून देऊन नाई राह्यल्या?" मी म्हणायची, पुढची तपासणी होऊ द्या. अशी पाच वर्षं गेली. ज्वारीच्या डब्यातला कडुलिंबाचा पाला तेवढा मी बदलत राहिले.

गेल्या महिन्यात पोरीनं तो डबा अंगणात कोंबड्यांपुढं रिकामा केला. "सोंडे झाले होते, काकू."

मी फाडकन थोबाडीत दिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दुसऱ्याच्या लेकराला मी कधी बोटही लावलं नव्हतं.

आवाज ऐकून भाभी धावत आली. पोरगी माझ्याच कमरेला बिलगून "काकू, काकू" करत रडत होती.

"मारलं?" भाभी म्हणाली. "मंग आता परत काय कराचं राह्यलं? तुमचीच हाय."

मी खाली बसले. "दाखव, कुठं लागलं तुले?" एवढं म्हटलं, आणि मला रडू आवरेना.